मामूंची तारीख

आमच्याकडे कोर्टाचं काम म्हटलं की ‘तारीख’ हा एकच शब्द पुरतो. तारीख लागली, तारीख पडली, पुढची तारीख मिळाली. माझ्या मामूंची तारीख सात वर्षं चालली. ती दापोली-खेडच्या कोर्टात नव्हती, अमेरिकेत होती, न्यू जर्सीतल्या एका सरकारी इमारतीत. त्यांना देशाबाहेर काढायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. आता सगळं मिटलं आहे आणि लिहायला मामूंनी परवानगी दिली आहे. नावं मात्र गाळतो.

आमचं गाव खाडीकाठचं. माझ्या लहानपणी मोहल्ल्यातल्या बहुतेक घरांतून कुणी ना कुणी जहाजावर असायचं. पोरगा दहावी झाला की मुंबईला जमातीच्या खोलीवर जायचा, सीडीसी काढायचा आणि एजंटच्या दारात बसायचा. मामूही तसेच गेले. भंडारी म्हणून, म्हणजे जहाजावरचे स्वयंपाकी. १९९६ च्या सप्टेंबरात त्यांचं जहाज बाल्टिमोरला लागलं तेव्हा सात महिन्यांचा पगार थकलेला होता. खलाशांना किनाऱ्यावर उतरायला जास्तीत जास्त २९ दिवसांचा परवाना मिळतो. मामू उतरले आणि जहाजावर परत गेलेच नाहीत. बरोबर एक रेक्झिनची बॅग आणि सीडीसी. जहाजी भाषेत याला ‘जहाज सोडणं’ म्हणतात, आणि गावात ते कुणाला लाजिरवाणं वाटत नसे. उलट, पैसे यायला लागले की घराला पत्रे जाऊन कौलं लागायची.

पुढच्या वर्षी मामी व्हिजिटर व्हिसावर आल्या, त्याही राहिल्या. १९९८ च्या जुलैत माझी मामेबहीण तिथेच जन्मली, म्हणजे जन्मानेच अमेरिकन नागरिक. मामूंनी आधी एका पंजाबी हॉटेलात तंदूर सांभाळला, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. कर भरत होते, भाडं भरत होते. फक्त जाऊ शकत नव्हते. २००८ मध्ये नानी गेली. वर्षाहून जास्त काळ बेकायदा राहिलेला माणूस एकदा देशाबाहेर पडला की दहा वर्षं परत येता येत नाही, असा तिथला कायदा. मुलगी दहा वर्षांची. मामूंनी मय्यत फोनवर ऐकली. फोन माझ्या हातात होता, मी तो कब्रस्तानच्या भिंतीपर्यंत घेऊन गेलो होतो.

२०१२ मध्ये मी नोकरीसाठी न्यू जर्सीला आलो. दोनच वर्षांत, ऑक्टोबर २०१४ मध्ये, मामू एका लग्नाला बसने कॅनडाच्या सीमेजवळच्या शहरात निघाले असताना वाटेत बस थांबली. गणवेशातले दोन अधिकारी चढले आणि एकेका सीटपाशी कागद विचारत आले. मामूंनी खोटं सांगितलं नाही. मग तुरुंग, जामिनाची सुनावणी, साडेसात हजार डॉलर. त्यांतले निम्मे मशिदीतल्या लोकांनी गोळा केले. त्या पाच आठवड्यांबद्दल मामू फारसं बोलत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही.

हातात पडली ती एक नोटीस. तिच्यावर सरकारचं म्हणणं क्रमवार लिहिलेलं: तुम्ही अमेरिकेचे नागरिक नाही, तुम्ही भारताचे नागरिक आहात, तुम्ही अमुक तारखेला खलाशी म्हणून आलात, मुदत संपूनही राहिलात. वर ‘ए’ अक्षराने सुरू होणारा फाइलचा आकडा. मामींना तो आकडा आठवड्याभरात तोंडपाठ झाला. कोर्टाची एक फोनसेवा आहे, तिथे हा आकडा दाबला की मशीन पुढची तारीख सांगतं. मामी दर जुम्म्याला तो फोन लावायच्या. मी हसायचो. नंतर वकीलबाईंनी सांगितलं की तारखेला हजर नसलात तर न्यायाधीश तुमच्या गैरहजेरीतच हद्दपारीचा हुकूम काढतात, आणि पत्ता बदलला तर पाच दिवसांत कोर्टाला वेगळा फॉर्म भरून कळवावं लागतं. पोस्टात कळवून भागत नाही. कित्येकांचे खटले असेच, न लढता, जुन्या पत्त्यावर गेलेल्या पाकिटात संपतात. तेव्हापासून मी हसलो नाही.

पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मला वाटलं होतं पिंजरा असेल, ज्युरी असेल. तसलं काही नाही. वीस-पंचवीस लाकडी बाकं, पुढे न्यायाधीश, एका बाजूला सरकारी वकील आणि त्याच्यापुढे फायलींचा गठ्ठा. सकाळी साडेआठला सगळ्यांना एकदम बोलावतात आणि एकेकाला पाच-दहा मिनिटं देतात. पोरं रडत असतात, कुणाची आई त्यांना बिस्किटं भरवत असते. वकील करण्याचा हक्क आहे, पण स्वतःच्या खर्चाने. चोरीचा आरोप असलेल्या गरिबाला तिथे सरकारी खर्चाने वकील मिळतो. व्हिसाची मुदत उलटलेल्याला नाही, कारण हा फौजदारी खटला मानलाच जात नाही. आणि न्यायाधीशही आपण समजतो तसे न्यायसंस्थेचे नसतात. ते न्याय खात्याचे नोकर, म्हणजे शेवटी अॅटर्नी जनरलच्या हाताखालचे.

त्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, तुमची उत्तम भाषा कोणती? आमच्या पहिल्या वकिलाने काही विचारायच्या आत मामूंनी खरं उत्तर दिलं: कोकणी. आम्ही कोकणी मुसलमान, घरात बोलतो ती आमची कोकणी. दुसरं काय सांगणार? पुढच्या तारखेला फोनवर दुभाषा आला तो गोव्याचा. बिचारा मन लावून बोलत होता. मामू प्रत्येक वाक्याला मान हलवत होते आणि मग माझ्याकडे बघत होते. ‘समजतंय का?’ न्यायाधीशांनी विचारलं. मामू म्हणाले, अर्धं. सरकारी वकिलाने सुचवलं, उर्दू चालेल का, हे गृहस्थ मुस्लिम दिसतात. मामूंना उर्दू येते ती कव्वालीपुरती आणि मौलानांच्या बयानापुरती. कोर्टात जन्माचं सांगायला नव्हे. शेवटी कागदावर ‘मराठी’ लिहिलं गेलं आणि तारीख पुढे गेली, नऊ महिने.

ही गोष्ट मी मुंबईत सांगतो तेव्हा लोक हसतात. मलाही हसू येतं, पण थोडंसंच. मुसलमान म्हणजे उर्दू, हा हिशेब पुण्यातही तोच आणि न्यू जर्सीतही तोच.

मराठी दुभाषी बाई छान होत्या. दूरच्या कुठल्या तरी शहरातून फोनवर यायच्या, शुद्ध बोलायच्या. त्यांनी ‘हद्दपारीची कार्यवाही’ म्हटलं तेव्हा मामू माझ्या कानात म्हणाले, ‘म्हणजे तडीपार ना? मी काय गुंड आहे?’ आपल्याकडे हा शब्द पोलिसांनी गुंडांसाठी राखून ठेवलेला. मग न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला: हद्दपारीचा हुकूम झालाच तर कोणत्या देशात पाठवावं, तुम्ही देशाचं नाव सांगता का? वकिलाने ठरलेलं उत्तर दिलं, आम्ही नाव सांगत नाही. न्यायाधीश म्हणाले, ठीक, मग कोर्ट भारताचं नाव लिहून घेतं. डावपेच म्हणून हे उत्तर रोज दिलं जातं, त्याला काही अर्थ नसतो. मामू मात्र दोन दिवस घुसमटले होते. ‘माझ्या देशाचं नाव मला विचारलं आणि मी सांगितलं नाही,’ असं मामींना म्हणत होते.

आता कायद्याचं थोडं सांगतो, कारण तिथेच आमचा घात होता होता राहिला. दहा वर्षं सलग राहिलेल्या, चांगल्या वर्तनाच्या माणसाला न्यायाधीश हद्दपारी माफ करू शकतात. अट अशी की त्याला काढल्याने त्याच्या नवरा-बायकोला, आईवडिलांना किंवा मुलांना, म्हणजे यांतले जे अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असतील त्यांना, ‘अपवादात्मक आणि अत्यंत असाधारण’ हाल सोसावे लागतील हे सिद्ध व्हायला हवं. नुसतं लेकरू रडेल, शाळा सुटेल, एवढं पुरत नाही. अशा मंजुऱ्या साऱ्या देशात वर्षाला ४,०००. पहिल्या वकिलाने हाच अर्ज केला, तीन हजार डॉलर घेतले. २०१७ मध्ये आम्ही वकील बदलला. नव्या वकीलबाईंनी फाइल उघडली, मामूंची सीडीसी हातात घेतली आणि विचारलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही का?

त्याच कलमात पुढे लिहिलेलं आहे की ३० जून १९६४ नंतर जो जहाजाचा कर्मचारी म्हणून देशात आला, त्याला ही माफी मिळणार नाही. पर्यटक म्हणून येऊन राहिलेल्याला चालते, विद्यार्थ्याला चालते, चोरून सीमा ओलांडलेल्यालाही चालते. खलाशाला नाही. त्या म्हणाल्या, यात दिलासा एवढाच की हे १९९६ मध्ये उतरले. १ एप्रिल १९९७ नंतर उतरलेल्या खलाशाला तर पूर्ण खटलाही मिळत नाही, आश्रयाच्या अर्जापलीकडे काही ऐकलंच जात नाही. आमचा आधीचा अर्ज सुनावणीला आला की पाच मिनिटांत फेटाळला जाणार होता. सुनावणी लागली होती जानेवारी २०१९ ची.

मग त्यांनी विचारलं, २००१ च्या एप्रिलच्या आत तुमच्यासाठी कुणी कुठला अर्ज भरला होता का? मामू म्हणाले, नाही. मामी म्हणाल्या, हो.

२१ डिसेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली. ३० एप्रिल २००१ पर्यंत ज्याच्यासाठी मालकाने किंवा नातेवाइकाने रीतसर अर्ज दाखल केला, त्याला पुढे कधी व्हिसाची पाळी आली तर एक हजार डॉलर जादा भरून, देश न सोडता ग्रीन कार्ड घेता येईल, असा तो कायदा. यात खलाशीही आले. त्या एप्रिलमध्ये वकिलांच्या दारांत रांगा लागल्या होत्या. पंजाबी हॉटेलच्या मालकाने आपल्या तंदूरवाल्यासाठी शेवटच्या आठवड्यात कामगार खात्याकडे अर्ज टाकला होता. अकरा सप्टेंबरनंतर गिऱ्हाईक तुटलं, हॉटेल बंद पडलं, अर्ज कुठे गेला कुणी विचारलं नाही. मामू विसरूनही गेले. मामींनी पोचपावती त्या रेक्झिनच्या बॅगेत, सीडीसीच्या खाली ठेवली होती.

म्हणजे दार होतं, पण त्यातून जायला व्हिसाची पाळी हवी. ती पाळी मुलगी देणार. एकवीस वर्षांची अमेरिकन मुलगी आपल्या आईवडिलांसाठी अर्ज करू शकते, त्याला रांग नाही. ती एकवीसची होणार होती जुलै २०१९ मध्ये. सुनावणी जानेवारीत. सहा महिने कमी. न्यायाधीशांकडे पूर्वी खटला बाजूला ठेवण्याची मुभा होती, ती २०१८ मध्ये अॅटर्नी जनरलने एका निकालाने काढून घेतली होती. वकीलबाईंनी मुदत मागितली, मिळाली नाही.

आणि २२ डिसेंबर २०१८ ला अमेरिकेचं सरकार बंद पडलं. मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधायच्या पैशांवरून राष्ट्राध्यक्ष ट्रम्प आणि काँग्रेस यांचं जुळेना. पगार थांबले, कचेऱ्यांना कुलपं लागली. तुरुंगात नसलेल्या लोकांच्या सुनावण्या सरसकट रद्द. पस्तीस दिवस हे चाललं आणि त्यांत आमची तारीख वाहून गेली. नवी मिळाली ती २०२० च्या एप्रिलची. परकीयांना थोपवायच्या भांडणाने मामूंना थांबायला जागा दिली, हा अल्लाहचा विनोद म्हणायचा की काय, मला कळत नाही. मामींनी दोन रकात शुक्राना पढली. याच बंदमुळे अनेकांच्या वर्षानुवर्षं वाट पाहून लागलेल्या, जिंकत आलेल्या सुनावण्याही बुडाल्या, हेही लिहायला हवं.

उरला एक पुरावा. अर्ज एप्रिल २००१ चा असल्याने आणखी एक अट होती: २१ डिसेंबर २००० या दिवशी मामू अमेरिकेतच होते हे दाखवायचं. तुम्ही-आम्ही वीस वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी कुठे होतो ते कागदावर दाखवू शकू का? मामूंना पगार रोख मिळायचा, घर दुसऱ्याच्या नावावर. मी कॅलेंडर काढून बसलो आणि ध्यानात आलं की तो रमजानचा शेवटचा अशरा होता. त्या वर्षी ईद २७ डिसेंबरला होती. मामू तेव्हा एका दुकानावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये नमाजला जात. तिथे इफ्तारची पाळी लावायची वही असायची: तारीख, नाव, पदार्थ, रक्कम. त्या वेळचे खजिनदार, एक वृद्ध इजिप्शियन गृहस्थ, अजून हयात होते आणि त्यांनी तळघरात सगळ्या वह्या राखल्या होत्या. १९ डिसेंबरच्या रकान्यात मामूंचं नाव सापडलं, पुढे ‘बिर्याणी, ६० माणसं’. दुसरा कागद मुलीच्या दवाखान्यातला: लसीच्या संमतीवर बाप म्हणून सही, २६ डिसेंबर. वकीलबाई खूश झाल्या. १९ ला इथे, २६ ला इथे, आणि मधे जाऊन परत यायला व्हिसा नाही. त्यांचं बेकायदा असणंच ते इथे असल्याचा पुरावा ठरलं.

मी गावाहून आलेल्या कागदांची भाषांतरं करत होतो. प्रत्येक परभाषी कागदाला इंग्रजी भाषांतर आणि खाली भाषांतरकाराचं प्रमाणपत्र लागतं. शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, उर्दूतला निकाहनामा. सीडीसीवर बापाचं नाव आडनावाच्या जागी, पासपोर्टवर गावावरून पडलेलं आडनाव, शाळेत तिसरंच काही. ‘ही तिन्ही नावं एकाच माणसाची’ असं शपथपत्र करावं लागलं. ऑगस्ट २०१९ ची ती गोष्ट. मुलीचा अर्ज नुकताच गेला होता. त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी आसामची नागरिकांची यादी आली आणि १९ लाखांहून जास्त माणसं तिच्याबाहेर राहिली. मामू रात्रभर यूट्यूबवर तेच बघत होते. तिथल्या न्यायाधिकरणांपुढे रांगेत उभी म्हातारी माणसं, हातात पिशवी, पिशवीत दाखले, दाखल्यांवर नावाची वेगवेगळी स्पेलिंगं. मामू म्हणाले, ‘मी तरी दुसऱ्याच्या देशात आहे.’ अमेरिकेत निदान तुम्ही परके आहात हे आधी सरकारला दाखवावं लागतं. आपल्या १९४६ च्या विदेशी कायद्यात तर आपण परके नाही हे सिद्ध करायचं ओझं पहिल्यापासून माणसावरच होतं.

२०२० ची तारीख कोविडने खाल्ली. शेवटची सुनावणी झाली नोव्हेंबर २०२१ मध्ये. मुलीचा अर्ज मंजूर झालेला होता. मामूंनी उजवा हात वर करून शपथ घेतली. हॉटेलमालकाचं शपथपत्र वाचलं गेलं. इजिप्शियन चाचा काठी टेकत साक्षीला आले. सरकारी वकिलाने विचारलं, ही वही नंतर लिहिलेली कशावरून नाही? चाचा म्हणाले, ‘त्या पानावर माझ्या मरहूम बायकोचंही नाव आहे, सामोसे. ती २००४ ला गेली. तिचं अक्षर मी कुठून आणणार?’ न्यायाधीशांनी वहीची पानं बराच वेळ उलटली. मग मामूंना विचारलं, तुम्ही जहाज का सोडलंत? मामूंनी पगाराचं सांगितलं. मग थांबून म्हणाले, ‘आणि परत कसं जायचं ते कळेना.’ दुभाषी बाईंनी ते जसंच्या तसं सांगितलं.

निकाल तिथेच तोंडी दिला. सरकारी वकिलाने अपील करणार नसल्याचं सांगितलं. लिफ्टमध्ये कुणी काही बोललं नाही. खाली रस्त्यावर आल्यावर मामी म्हणाल्या, आज शुक्रवार ना, फोन लावायचा राहिला.

२०२२ च्या डिसेंबरात मामू गावी आले, सव्वीस वर्षांनी. मीही रजा काढून गेलो होतो. माझ्या आईने नानीची पेटी उघडून दिली. त्यात मामूंची सगळी पत्रं होती. खटल्यासाठी त्यांतलं डिसेंबर २००० चं एक पाकीट आम्ही मागवलं होतं, पण शिक्का पुसट निघाला, वकीलबाईंनी ते परत केलं.

नानीला वाचता येत नव्हतं. मामूंची पत्रं तिला मी वाचून दाखवायचो आणि उत्तरंही मीच लिहायचो, पाचवी-सहावीत होतो तेव्हापासून. प्रत्येक उत्तराच्या शेवटी नानी एकच सांगायची: लिही, पैसे नकोत, सगळं सोड आणि परत ये. मामूंनी मला बूट पाठवले होते, कॅल्क्युलेटर पाठवला होता, पुढच्या खेपेला सायकलचे पैसे पाठवणार होते. मी लिहायचो, ‘बाकी सर्व ठीक. आमची काळजी करू नये.’

पेटीतली पत्रं मामू ओटीवर बसून एकेक वाचत होते. म्हणाले, ‘मी दर पत्रात विचारायचो, येऊ का? मां कधी ये म्हणालीच नाही.’ मी चहाचे कप उचलले आणि आत गेलो.

मामू हा ब्लॉग वाचतात.